स्वर्गवासींचं एक वाक्य

त्याला सगळे 'स्वर्गवासी' म्हणायचे, तेही तोंडावर. "स्वर्गवासींनी चहा घेतला का?" "स्वर्गवासी, जरा बाजूला व्हा, टेबल न्यायचंय." तो निमूटपणे ओ द्यायचा. रागवावं असं त्यात त्याला काही वाटत नसे. सिनेमात मढं होऊन पडायचं हाच त्याचा धंदा होता आणि उमेदीची सगळी वर्षं त्याने त्यातच घातली होती.

मरून पडायला अक्कल ती काय लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जमिनीवर पडून बघावं. छाती भरून श्वास घेतला की पोट टम्म दिसतं. म्हणून अर्धा सोडायचा आणि मग बंद करायचा. डोळे नुसते मिटून भागत नाही, पापण्यांखाली बुबुळं नाचतात. मिटल्या डोळ्यांनी स्वतःच्या हनुवटीकडे बघत राहायचं, म्हणजे ती जागेवर राहतात. मानेची शीर उडते, म्हणून मान कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूला. जीभ टाळूला चिकटवायची, नाहीतर नको तेव्हा आवंढा येतो. मग नाकावर माशी बसो की साखरेच्या पाकातल्या रक्ताला मुंग्या लागोत, आपण मेलेलो आहोत, आपल्याला त्याचं काय!

हे शिकवलं त्याच्या पहिल्याच सिनेमातल्या एका खडूस दिग्दर्शकाने. लढाईचं दृश्य होतं आणि पडलेल्या शिपायांत हा एक होता. वयाने कोवळा, सारखा चुळबुळ करायचा. दिग्दर्शकाने येऊन बुटाच्या टोकाने ढोसलं. "हे बघ, अ‍ॅक्शन म्हटलं की श्वास बंद. कट म्हटलं की सोड. एवढं जमलं तर जन्मभर काम मिळेल." एवढं जमलं. पुढे पुढे इतकं अंगवळणी पडलं की विचार करायला लागेना. 'अ‍ॅक्शन' ह्या शब्दाने साऱ्या जगाला हालचाल सुचते. ह्याच्या कानावर तो पडला की छाती दुकानाचं शटर ओढावं तशी बंद.

नुकसान एकच झालं, आणि ते घरात झालं. लग्न नवं असताना बायको हौसेने बहिणीला घेऊन नवऱ्याचा सिनेमा बघायला गेली. पडद्यावर नवऱ्याला दोघे जण पाय धरून जिन्यावरून फरपटत खाली नेत होते आणि प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं. ती भर थिएटरात किंचाळली. धावत घरी आली, तर स्वारी मजेत जेवायला बसलेली. तिने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग पोटभर रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "तुम्हाला जिवंत दाखवतील तेव्हा बोलवा. तोवर मी थिएटरचं तोंड बघायची नाही."

बाई शब्दाला पक्की. हा बुडून मेला, जळून मेला, विष पिऊन मेला, एकदा तर मेजवानीत घास अडकून मेला. ती गेली नाही. संध्याकाळी विचारायची, "आज काय?"

"बुडालो."

"मग डोकं नीट पुसा. सर्दी होईल."

ती शिंप्याच्या दुकानाचे कपडे घरी आणून काजं-बटणं करायची. तिच्या काजाला शिंपी नाव ठेवत नसे, आणि शिंपी हा काही नावं न ठेवणारा माणूस नव्हता. पण हळूहळू ती दाराच्या चौकटीला खांदा घासून आत यायला लागली. बाजूला ठेवलेला कप तिच्या हाताने लवंडू लागला. एकदा सदऱ्याच्या उजव्या पट्टीवरची काजं डावीवर पडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. अंधार कडेकडेने आत येत जाणार. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकेल.

दवाखान्याचा जिना उतरताना तिने त्याचा दंड धरला होता. म्हणाली, "आता लवकर जिवंत व्हा हो. नाहीतर बघायचं राहून जाईल." ती हसत बोलली. त्याला हसू आलं नाही.

त्याच सुमाराला जुन्या काळावरच्या एका सिनेमाचं काम सुरू झालं. मखमलीचे अंगरखे, केसांना पावडर, मोठी हवेली आणि दारात कमळांचा तलाव. गोष्ट अशी: हवेलीच्या मुलीचं लग्न ठरायचंय, आणि होणाऱ्या व्याह्यांना सगळ्या कुटुंबाचं मोठं तैलचित्र पाठवायचंय. चित्र अर्धं झालेलं असतानाच घरधनी तलावात बुडून मरतो. आता चित्र अर्धवट कसं राहणार? व्याही काय म्हणतील? तेव्हा घरची माणसं मढ्याला पुसून, पावडर लावून खुर्चीत बसवतात आणि आपण त्याच्याभोवती पुन्हा उभी राहतात. चित्रकार आपला खूश: बाकीचे सारखे हलतात, पण मालक काय सुंदर बसतात! पुढे पाहुणा म्हणून आलेल्या न्यायाधीशाला वास येतो, मढ्याचाही आणि भानगडीचाही, आणि मग खुनाचा शोध सुरू होतो. शोध चालू असताना घरच्यांची चिंता वेगळीच, जेवायच्या टेबलाशी मालकाच्या खुर्चीत आता बसायचं कोणी.

दिग्दर्शकाला प्रत्येक दृश्य तैलचित्रासारखं हवं होतं. उजेड एकाच खिडकीतून, बाकी मेणबत्त्या. "हलू नका," तो ओरडायचा, "हा सिनेमा नाही, हे चित्र आहे!" मालकाचं काम करणारा नट नामांकित होता, पण त्याला मरता येत नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या पापण्या फडफडायच्या. शेवटी त्याला मरायचं शिकवायला स्वर्गवासींना बोलावणं गेलं.

शिकवून झाल्यावर तो आपला भिंतीला टेकून उभा राहिला. दिवेवाल्याने येऊन खुशाल त्याच्या खांद्याला आपला कोट अडकवला. खुंटी नाही हे कळल्यावर दिवेवाला दचकून मागे सरला आणि सगळा सेट खो खो हसला. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. तो जवळ आला, ह्याच्याभोवती फिरला, आणि म्हणाला, "तुम्ही ह्या घराचे जुने नोकर. प्रत्येक दृश्यात मागे मेणबत्ती धरून उभे राहणार. कोणाचं लक्ष जाणार नाही. आणि शेवटी न्यायाधीश विचारतो, कोणी काही पाहिलं का, तेव्हा भिंत बोलणार."

वाक्य असं होतं: "मालक घसरले नाहीत. त्यांना ढकललं. मी होतो तिथे."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोच्या हातातली सुई तशीच राहिली. "बोलायचं? तुम्ही? आवाजासकट?" मग तिने ते शिंप्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, शेजारच्या दोन्ही घरांत सांगितलं. कपाटातले ठेवणीतले कपडे काढून उन्हात घातले. सिनेमा लागायला वर्ष आहे म्हटलं, तर म्हणाली, "असू दे, कुबट वास तरी जाईल."

रोज संध्याकाळी तालीम. हा दारापाशी उभा राहायचा आणि ती खुर्चीत बसून "अ‍ॅक्शन!" म्हणायची, म्हणजे पानं वाढल्यावर "चला जेवायला" म्हणतात ना, त्याच सुरात. त्या सुरात छाती बंद व्हायची नाही. हा वाक्य बोलायचा आणि ती चुका काढायची. "शेवटचं जरा जोरात. होतात ना तिथे? मग सांगा की ठणकावून!" तिलाच ते त्याच्याहून पक्कं पाठ झालं. डाळ निवडतानासुद्धा पुटपुटायची, मी होतो तिथे, मी होतो तिथे. इतक्या वर्षांत ते दोघे एवढे कधी हसले नव्हते.

तो दिवस आला. जेवणाच्या दालनात लांबच लांब टेबल, त्यावर फळांचे ढीग, चांदीची भांडी, रांगेने पेटलेल्या मेणबत्त्या. घरची मंडळी पावडर थापून बसलेली. मधली खुर्ची रिकामी. मागे भिंतीशी हा, हातात मेणबत्ती. न्यायाधीश विचारणार, हा दोन पावलं पुढे येऊन बोलणार, आणि सगळं एकाच सलग शॉटमध्ये.

"अ‍ॅक्शन!"

छाती बंद झाली. अर्धा श्वास बाहेर, जीभ टाळूला. न्यायाधीशाचा प्रश्न त्याला पाण्याखालून ऐकावा तसा ऐकू आला. हा उभाच.

"कट! दादा, तुमचं वाक्य होतं," सहायक बाई हळूच म्हणाली. "हो हो, चुकलं," तो म्हणाला. जिवात जीव आला होता, आवाजही चांगला खणखणीत निघाला.

पुन्हा. पुन्हा तेच. मेणबत्त्यांची उंची प्रत्येक वेळी सारखी दिसायला हवी, म्हणून दर वेळी सगळ्या काढून नव्या लावायच्या. कापलेली फळं काळी पडली, बदलली. न्यायाधीश झालेला नट पुटपुटायला लागला. दिग्दर्शकाने 'अ‍ॅक्शन' म्हणायचं सोडून रुमाल हलवून पाहिला. काही न करता नुसतं सुरू करून पाहिलं. पण शॉटच्या आधी सेटवर पडते ती शांतता त्याच्या ओळखीची होती, तीही पुरायची. त्याने जीभ चावली. बायकोचा सूर आठवून पाहिला. एकदा तर दोन पावलं पुढे आला आणि त्याने तोंडही उघडलं. पण आवाजाला वारा लागतो, आणि तो त्याने कोंडून धरलेला. माशासारखं तोंड उघडलं आणि मिटलं. कोणीतरी फिसकन हसलं.

दिग्दर्शक बराच वेळ डोकं धरून बसला होता. तो एकदम उठला. "थांबा. हा बोलूच शकत नाही. बरोबर आहे! बोलण्याआधीच ह्याला मारलाय. सकाळी जिन्याखाली मरून पडलेला सापडतो. न्यायाधीश प्रश्न विचारतो आणि उत्तर देणारा उरलेलाच नाही." सगळ्या सेटने टाळ्या वाजवल्या. बरेचसे लोक सुटलो म्हणूनच वाजवत होते.

हा दिग्दर्शकापाशी गेला. "साहेब, माझ्या बायकोला..."

दिग्दर्शकाने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही मला काय दिलंत, कळतंय का तुम्हाला? मालकाच्या खुनासाठी एवढा आटापिटा, आणि नोकर मेला तर कोणी विचारत नाही. लगेच दुसरा येतो, तीच मेणबत्ती धरतो. हाच माझा सिनेमा!" अशा माणसाला काचबिंदूचं काय सांगणार? ह्याने मान हलवली आणि हात सोडवून घेतले.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालचं दृश्य एका फटक्यात झालं. खिडकीतून सकाळचा उजेड सरळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि तोंडावर येत होता. 'अ‍ॅक्शन' ऐकू आलं, आणि सगळ्या अंगाला बरं वाटलं. जुनी चप्पल पायात सरकवावी तसं वाटलं. ह्याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी ती दारातच उभी होती. "झालं?"

"झालं."

"नीट बोललात?"

"हो."

"शेवटचं जोरात?"

"हो गं."

त्याला वाटलं होतं सांगता येईल, आज नाही तर उद्या. मग उद्याही गेला. सिनेमाला वर्ष लागणार होतं आणि तिची नजर रोज थोडी थोडी आटत होती. एकदा आंघोळीला बसला असताना त्याच्या मनात आलं, सिनेमा लागायच्या आधी तिची नजर गेलेली असली तर सुटलो. हे आपल्याच मनात आलं म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या हातात तसाच राहिला.

पण नजर टिकली. सुईच्या नेढ्यातून दिसावं तेवढी का होईना, टिकली. सिनेमा लागला तेव्हा तिने ऊन दाखवलेले ते कपडे घातले. बहिणीला बरोबर घेतलं नाही. "पहिल्यांदा आपण दोघंच बघू," म्हणाली. वाटेत रस्ता ओलांडताना तो सांगायला थांबला. पण ती त्याचा हात ओढत होती, उशीर होईल म्हणून.

पडद्यावर अंधार, अंधारात मेणबत्त्या. लोक श्वास रोखून बघत होते. ती मान इकडून तिकडे फिरवत होती. पडदा तिला तुकड्यातुकड्यानेच दिसत होता. "कुठे आहात?" तिने कुजबुजत विचारलं.

"मागे. मेणबत्तीपाशी."

"दिसत नाही हो."

"भिंतीला टेकलोय, बघ. नाही, डावीकडे."

"ज्योत दिसते नुसती."

दृश्यामागून दृश्यं गेली. हा प्रत्येकात होता, जिवंत होता, डोळे उघडे होते, आणि तिला एकातही सापडला नाही. मग सकाळ झाली. सगळ्या पडद्यावर लख्ख उजेड आला आणि त्या उजेडात, मधोमध, जिन्याखाली त्याचा चेहरा, घराएवढा मोठा. दिग्दर्शकाला ते चित्र फार आवडलं असावं, कारण त्याने ते हलूच दिलं नाही. आजूबाजूचे लोक "वा" म्हणाले. तिला लांबची एखादी गोष्ट इतकी स्वच्छ कित्येक महिन्यांत दिसली नव्हती.

तिने चाचपडत त्याचं मनगट पकडलं. "हे पुढचं आधी दाखवलंय ना?" ती म्हणाली. "तसं करतात म्हणे हल्ली. तुमचं बोलणं यायचंय अजून."

तो पडद्याकडेच बघत राहिला.

जेवणाचं दालन आलं. न्यायाधीशाने टेबलावर हात टेकले. "इथे कोणी काही पाहिलं?" आणि शांतता पडली. भिंतीशी दुसराच एक माणूस तीच मेणबत्ती धरून उभा होता. शांतता लांबली. तिची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट झाली. शाळेच्या नाटकात मूल वाक्य विसरतं आणि आई बसल्या जागेवरून हळूच आठवण करून देते, तसं ती अंधारात म्हणाली, "मालक घसरले नाहीत." थोडी थांबली. "त्यांना ढकललं." मागून कोणीतरी "शूऽऽ" केलं. "मी होतो तिथे," ती म्हणाली. हे तिने जोरात म्हटलं. चार-दोन लोक हसले.

पुढे न्यायाधीशाने खुनी शोधला. मालकाच्या अंगरख्याचं तुटलेलं बटण त्याच्या धाकट्या भावाच्या खिशात सापडलं. घरच्यांनी त्याला अगदी सभ्यपणे परदेशी पाठवून दिलं, मालकाच्या खुर्चीत मालकीण बसली, तैलचित्र व्याह्यांकडे गेलं, आणि लग्न ठरलं. टाळ्या पडल्या, दिवे लागले. लोक उठून जाता जाता रंगांबद्दल बोलत होते, त्यातलं एकेक दृश्य भिंतीवर लावण्यासारखं आहे म्हणत होते. ती उठली नाही.

"संपला?"

"संपला."

"मालकांना कोणी मारलं ते कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी मारलं?"

"ते नाही दाखवलं."

"का?"

"कोणी विचारलं नाही गं."

"मी विचारतेय ना."

झाडूवाला ओळी झाडत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबून राहिला. ह्याला सांगायचं होतं की मला जमलं नाही, मी खोटं बोललो, तुझी नजर जाऊ दे असंही माझ्या मनात येऊन गेलं. तोंड उघडलं. ती शांतता ओळखीची होती. अर्धा श्वास बाहेर गेला आणि छाती बंद झाली. ती वाट बघून उठली, आणि त्याचा दंड धरून पायऱ्या उतरू लागली.

थंडी संपता संपता तिची नजर गेली ती गेलीच. त्या दिवसाबद्दल ती त्याला कधी बोलली नाही. एकदाच, तिची बहीण आली होती तेव्हा, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डोळे मिटले की ह्यांचा तोच चेहरा दिसतो. उघडले तरी तोच." बहीण रडायला लागली. हा आतल्या खोलीत उभा राहून ऐकत होता.

आता घरात दोघेच असतात. ती खिडकीशी बसते, रिकाम्या हातांनी. हा समोरच्या खुर्चीत. आयुष्यभर आवाज न करण्याचंच काम केलेला माणूस, तो बसलाय की उठून गेलाय ते तिला कळत नाही. म्हणून दिवसातून कितीदा तरी ती विचारते, "आहात ना?"

"आहे" एवढंच म्हणायचं असतं. तो म्हणतोही. पण दर वेळी आधी छाती बंद होते, आणि छाती उघडेपर्यंत ती मान वर करून वाट बघत बसलेली असते.